प्रार्थनेआधीची वेणी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचेही अध्यक्ष, सन्माननीय नत्थुजी बोचरे साहेब; ज्यांना निरोप देण्यासाठी आपण इतक्या उन्हात जमलो ते आपले मुख्याध्यापक शेषराव गावंडे सर आणि त्यांच्या शेजारी बसलेल्या दुर्गाबाई काकू; मोर्शीच्या शाळेतून इथं येऊन उद्यापासून मुख्याध्यापक म्हणून काम पाहणार आहेत त्या गीतांजली काळमेघ मॅडम; अमरावतीच्या केंद्रातून खास आलेले मनोज ढोले सर; सर्व शिक्षक, कर्मचारी, पालक; आणि कूलरच्या वाऱ्यासाठी एकमेकांना कोपरानं ढोसत बसलेल्या माझ्या लहान मित्रमैत्रिणींनो, सर्वांना माझा नमस्कार.

माझ्या आधी मान्यवर भरपूर बोलले. सरांचं गणित झालं, दहावीचे निकाल झाले, मैदानाभोवती लावलेले कडुनिंब झाले. बोचरे साहेबांनी तर सर तरुणपणी कबड्डीत कसे पहिल्याच चढाईत बाद व्हायचे तेही सांगून टाकलं. मग माझ्या वाट्याला काय उरलं? माझ्या वाट्याला सरांचा एक नियम उरला आहे. केसांना तेल लावण्याचा.

मुलींनो, हसू नका. हा नियम तुम्हाला माहीत आहे, मॅडमना माहीत नाही. म्हणून सांगावा लागेल.

पण आधी मी कोण ते सांगते, कारण बऱ्याच पालकांना वाटतं मी इथली शिक्षिका आहे. तशी मी नाही. मुलांच्या एकाग्रतेवर काम करणारं एक केंद्र अमरावतीला आहे, त्यांच्यातर्फे मी दिवाळीनंतर या शाळेत येऊ लागले. माझं गाव बार्शीटाकळी. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. मानसशास्त्र घेऊन बी.ए. केलं, पण माझी आई अजून शेजारणींना सांगते की पोरगी डोक्याची नर्स आहे. शाळेतली मुलं मला ‘पट्टीवाली ताई’ म्हणतात. दोन्ही नावं मला चालतात.

आणि आज मी उभी आहे ती प्राजक्तासाठी. ती पाचवीत आहे, तिथं खांबाजवळ आईच्या मांडीला टेकून बसली आहे. तिच्या आईवडिलांना विचारूनच तिचं नाव घेते आहे. प्राजक्ता जूनमध्ये या शाळेत सहावीच्या वर्गात बसणार, की घर सोडून अमरावतीच्या निवासी शाळेत जाणार, हे या घटकेपर्यंत ठरलेलं नाही. शेषराव सरांनी त्यांच्यापुरतं ‘इथंच’ असं सांगितलं आहे. पण सर आज निवृत्त होतात, आणि संस्थेच्या बैठकीत असं ठरलं की हा निर्णय नव्या मुख्याध्यापकांनी घ्यावा. ते योग्यच आहे. म्हणून काल मी सरांना म्हटलं, “सर, उद्या भाषणात तुम्हीच एकदा बोलून टाका.”

सर म्हणाले, “मी जाता जाता बोललो तं मॅडमवर लादल्यासारखं होईन. तू सांग. पण जे पाह्यलं तेवढंच सांगजो. पदरचं घालू नको.”

तर मॅडम, पदरचं न घालता सांगते.

प्राजक्ताचे वडील सहदेवभाऊ आणि आई सुभद्राताई, गावाबाहेर त्यांचा मळा आहे. मेथी, पालक, वांगी, हंगामात शेवंती आणि झेंडू. सुभद्राताई पहाटेच माल घेऊन अकोल्याच्या बाजारात जातात. त्यामुळे सकाळी प्राजक्ताला उठवणं, डबा भरणं, वेण्या घालणं, हे सगळं सहदेवभाऊंकडे. वेणी घालणारा बाप मी तरी पहिल्यांदाच पाहिला. दोन वेण्या, लाल रिबिनी, आणि भांगातून ओघळून कपाळावर आलेलं तेल. सहदेवभाऊ, तुम्ही माफ करा, पण तेल तुम्ही खरंच फार लावायचात.

ही मुलगी हुशार आहे. कुठल्या वाफ्यात काय कधी लावलं ते तिला तोंडपाठ असतं. पण वर्गात लक्ष टिकायचं नाही. धडा चालू असताना उठून खिडकीशी जायची. शेजारणीचं दप्तर उघडून आत काय आहे ते बघायची. वर्गशिक्षिका रागावल्या की तिला खरोखर कळायचं नाही की आपण काय केलं. आणि मग पोळ्यानंतर एक दिवस ती मधल्या सुट्टीत एका वासराच्या मागे फाटकातून बाहेर पडली आणि थेट रेल्वेच्या कुंपणापर्यंत गेली. आपली शाळा जंक्शनच्या गावातली. गाड्या दिवसभर चालू असतात. सगळे शिक्षक तिला शोधत होते. सापडली तेव्हा ती वासराला गवत चारत होती.

त्या दिवशी सरांनी सहदेवभाऊंना बोलावलं. मी तेव्हा नव्हते, पण दोघांनीही मला सारखंच सांगितलं आहे. सर म्हणाले, “उद्या काही झालं तं मी तुले काय तोंड दाखवू? पोरगी वाईट नाही. पण माह्या वर्गात एवढी पोरं, एका मास्तरची नजर कुठंकुठं पुरन?” अमरावतीच्या निवासी शाळेत अशा मुलांकडे बघायला पुरेशी माणसं आहेत. सरांनी ते सुचवलं ते काळजीने, हे मी इथं स्पष्ट सांगते, कारण गावात ‘सरांनी पोरीला काढून टाकलं’ असं पसरलं होतं.

सहदेवभाऊंनी एवढंच विचारलं, “सर, तिकडं तिची वेणी कोण घालन?”

अकोल्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की बुद्धीला काहीही झालेलं नाही, लक्ष टिकवण्याची अडचण आहे. त्याच सुमारास आमच्या केंद्राची पट्टी या शाळेत आली. मग सरांनी अट घातली: वार्षिक परीक्षेपर्यंत पाहू. फरक पडला तर इथंच, नाही पडला तर अमरावती.

आता ही पट्टी काय आहे? आपल्या मेंदूचं काम चालू असताना अगदी बारीक विजेच्या लहरी उठत असतात. आपल्याला त्या जाणवत नाहीत. डोक्याला लावलेली पट्टी त्या टिपते आणि संगणकाला पाठवते. पडद्यावर एक फुगा असतो. मूल लक्ष देऊन बसलं की फुगा वर चढतो, लक्ष भरकटलं की खाली येतो. हाताने काही दाबायचं नाही. मुलाला आपलं लक्ष डोळ्यांनी दिसतं, एवढाच त्यातला फायदा. दिसलं की हळूहळू ते सांभाळता येतं, अशी त्यामागची कल्पना. हे औषध नाही, जादू तर नाहीच. काही मुलांना उपयोग होतो, काहींना होत नाही, आणि कुणाला का होत नाही यावर तज्ज्ञांचा अभ्यास अजून चालू आहे. मनोज सर मान हलवतायत, म्हणजे मी बरोबर सांगितलं.

पण पालकसभेत हे सगळं मी इतकं सरळ सांगू शकले नव्हते. मी बोलायला सुरुवात केली तोच जाईबाई उठल्या. त्यांचा नातू सहावीत आहे.

“ताई, लेकराच्या डोक्याले करंट देऊन राहिले का तुमी?”

मी म्हटलं, “नाही हो जाईबाई, पट्टी काही देत नाही, फक्त घेते.”

“घेते? काय घेते? आधीच याच्या डोक्यात काही नाही, तेबी घेऊन गेली तं?”

सगळी सभा हसायला लागली. तेव्हा शेषराव सर उठले, खुर्ची ओढून संगणकासमोर बसले आणि म्हणाले, “लाव मले.” मी पट्टी लावली. सरांनी पडद्याकडे असं काही रोखून पाहिलं, जसं फळ्यावरचं चुकलेलं गणित बघतात, की फुगा थेट वर जाऊन टेकला. टाळ्या पडल्या. सर म्हणाले, “पाह्यलं? मेलो नाही ना?”

जाईबाई म्हणाल्या, “तुमचं काय सर, तुमच्या अन् पट्टीच्या मधात काहीच नाही!”

सरही टकलावरून हात फिरवत हसले. जाईबाईंनी त्या दिवशी खरं निदान केलं होतं. पण आम्ही सगळे फक्त हसलो.

डिसेंबरपासून काम सुरू झालं. मुलांचे फुगे कमी-जास्त का होईना, चढायला लागले. मुलींचे चढेनात. प्राजक्ताचा तर जमिनीवर पडून नुसता थरथरायचा. ती पाय घट्ट जुळवून, श्वास रोखून बसायची आणि मग माझ्याकडे बघायची. “ताई, मी पाहूनच राहिली ना? मग तो काहून नाही जाऊन राहिला?” मनोज सरांनी अमरावतीहून दुसरी पट्टी आणली, वायर बदलली, संगणक बदलला. त्यांच्या केंद्रात तीच पट्टी ठणठणीत चालायची. इथं आणली की मुलींच्या डोक्यावर गप्प.

आमच्या प्रशिक्षणात सांगितलं होतं की मुलांचे केस स्वच्छ असावेत. मी रोज विचारायची, केस स्वच्छ आहेत ना? पोरीला सोडायला आलेले सहदेवभाऊ छाती पुढे काढून म्हणायचे, “एकदम! हे पाहा ना, कसे चकाकून राहिले!” आता आपल्याकडे स्वच्छ केस म्हणजे काय? धुतलेले, तेल लावलेले, चापून विंचरलेले. कोरड्या केसांनी पोरगी बाहेर दिसली तर लोक विचारतात, घरी कोणी आजारी आहे का? मी स्वतः अशीच वाढले. मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही. आणि थंडीचे दिवस, त्यात हे मेंदूचं काम आहे असं कळल्यामुळे घरोघरी तेल आणखी वाढलं होतं. डोक्याला मेहनत पडते, तर डोकं थंड राहायला नको का? सहदेवभाऊ तर बदामाचं तेल आणू लागले.

त्यावर सरांचा नियम. मॅडम, तो असा: प्रार्थनेच्या वेळी सर स्वतः रांगांमधून फिरत. नखं, गणवेश आणि केसांना तेल. तेल नसलेल्या मुलाला बाजूला उभं करत. त्यामुळे आमच्याकडे येणारी प्रत्येक मुलगी घरचा एक आणि सरांच्या भीतीचा एक, असा दोनदा तेलाचा हात फिरवून आलेली असायची.

शिक्षकांच्या खोलीत मात्र निष्कर्ष निघायला लागले होते. मुलींना यंत्राची भीती वाटते, असं कोणी म्हणालं. मुलींचं लक्ष मुळातच घरकामात, असंही एक जण म्हणाले. ते आज सभागृहात आहेत, नाव घेत नाही. आणि प्राजक्ताबद्दल सर मला एक दिवस शांतपणे म्हणाले, “वर्षाली, यंत्रबी तेच सांगून राहिलं जे मी सांगत होतो. आता तू तिच्या बापाले समजाव.”

मी त्या दिवशी घरी जाताना ठरवलं होतं की होळी झाली की सहदेवभाऊंशी बोलायचं.

आणि मग धुळवड आली. धुळवडीला पोरांच्या डोक्यात काय काय जातं ते तुम्हाला माहीत आहे. रात्री घरोघरी डोकी घासली गेली, शाम्पू लावून, तरीही न निघालेला गुलाबी रंग मानेवर घेऊन पोरं दुसऱ्या दिवशी शाळेत आली. केस कोरडे, पिंजारलेले. त्या एका दिवशी सर तेल बघत नाहीत, वर्षातली ती एकमेव सवलत.

त्या दिवशी प्राजक्ता संगणकासमोर बसली आणि तिचा फुगा उठला. अर्ध्यापर्यंत गेला, डगमगला, खाली आला, पुन्हा वर. ती किंचाळली, “ताई, गेला! गेला व ताई!” आणि ओरडल्यामुळे तो लगेच खाली पडला. त्या दिवशी बहुतेक सगळ्या मुलींचे फुगे हलले. मी मनोज सरांना फोन करून अक्षरशः ओरडले. मनोज सर म्हणाले, “उद्या परत पाहू.” दुसऱ्या दिवशी फुगा पुन्हा जमिनीवर.

मी डोक्याला हात लावून बसले. प्राजक्ता म्हणाली, “ताई, आज बाबानं तेल लावलं ना. काल नव्हतं.”

एवढंच.

तेलाचा थर मधे असला की पट्टीला त्या बारीक लहरी नीट मिळत नाहीत. मुलांचे केस बारीक कापलेले, तेल नावापुरतं, म्हणून त्यांचं निभत होतं. मनोज सरांनी त्याच संध्याकाळी केंद्रात स्वतःच्या डोक्याला तेल थापून खात्री करून घेतली. त्यांचा शर्ट गेला त्यात. म्हणजे इतके महिने यंत्र प्राजक्ताच्या मेंदूबद्दल काहीच सांगत नव्हतं. ते फक्त तेलाबद्दल सांगत होतं.

आता सरांकडे जायचं होतं. या शाळेत कुणी सरांना तेलाच्या नियमाबद्दल बोलल्याचं ऐकिवात नव्हतं. मी सगळं सांगितलं आणि म्हटलं, “सर, या मुलींना तेल न लावता येऊ द्या.”

सर म्हणाले, “तेल न लावता? उद्या म्हणशीन आंघोळ न करता येऊ द्या.”

“सर, पट्टीला चालत नाही.”

“पट्टीले नाही चालत म्हणून मी पोरी झिपऱ्या ठेवू?”

मला राग आला होता. मी म्हटलं, “सर, एका तेलाच्या नियमासाठी एक मुलगी शाळेतून जाईल.”

सरांनी समोरची खुर्ची माझ्याकडे सरकवली. मग म्हणाले, “बस खाली. मी नवा नवा मास्तर झालो तेव्हा वर्गातल्या पोरांची डोकी पाहून मले कयत नव्हतं, हे पोरगं उठून सरळ आलं का याले कोणी उठवलं. मग ध्यानात आलं. ज्याच्या डोक्याले तेल असते, त्याच्या डोक्यावरून सकाळी कोणाचा तरी हात फिरलेला असते. ज्याच्या नसते, त्याच्या घरी मी संध्याकाळी जातो. मी तेल नाही पाहत वर्षाली. मी तो हात पाहतो.”

मी उठले. दारापर्यंत गेले तेव्हा सर मागून म्हणाले, “तुह्या पट्टीले डोकं कोरडं पायजे. मले प्रार्थनेत तेल पायजे. मग पट्टी प्रार्थनेच्या आधी लाव.”

असं ते सुरू झालं. प्रार्थनेआधी ती कोपऱ्यातली खोली उघडायची. सर स्वतः येऊन कुलूप काढत. मुली रात्री घरी धुतलेल्या कोरड्या केसांनी येत, फुगा उडवत, आणि मग बाहेर ओसरीवर बसून तेल लावून वेण्या घालून प्रार्थनेला उभ्या राहत. मोठ्या मुली लहानींच्या घालायच्या, काहींच्या आया यायच्या. आणि सहदेवभाऊ यायचे. सायकलच्या हँडलला पिशवी, पिशवीत तेलाची बाटली, फणी, रिबिनी. ओसरीच्या पायरीवर बसून पोरीला गुडघ्यात धरायचे आणि वेणी घालायचे.

पहिल्या दिवशी नववीची काही मुलं तिथं उभी होती. त्यातला एक जण म्हणाला, “काका, आमची बी कटिंग करून द्या ना!” दुसरा म्हणाला, “पार्लर उघडलं बे शाळेत!” सहदेवभाऊंचे हात थांबले. मान खाली गेली. प्राजक्ता अर्धी वेणी घेऊन उठायला बघत होती.

शेषराव सर खोलीतून बाहेर आले. त्यांनी ऐकलं होतं. मला वाटलं आता मुलांचं काही खरं नाही. सर त्यांच्याकडे बघतही नव्हते. सहदेवभाऊंच्या खालच्या पायरीवर येऊन बसले आणि म्हणाले, “सहदेवभाऊ, पोरीचं झालं की माह्याबी डोक्याले थोडं लावजा. उरलं तं.”

सहदेवभाऊ म्हणाले, “सर, तुमाले तं थेंबभर पुरन.”

नववीची मुलं हळूच निघून गेली. नंतर त्यातलाच एक जण आपल्या बहिणीची वेणी स्वतः घालायला शिकला. बस, खाली बघू नकोस, तुझं नाव सांगत नाही.

आता खरी गोष्ट, मॅडम, आणि ही मी मनोज सरांसमोर सांगते. तेल गेल्यावर सगळं नीट झालं का? नाही. दोन मुलींना पट्टीचा काही उपयोग दिसला नाही, त्यांच्या पालकांना आम्ही तसं सांगितलं. प्राजक्ताचा फुगा आजही एखाद्या दिवशी उठत नाही. वर्गात ती आजही मधेच उभी राहते. होळीनंतर एकदा ती फाटकापर्यंतही गेली होती. कडीला हात लावला, थांबली आणि परत वर्गात आली. मी खिडकीतून पाहत होते. तिला कुणी हाक मारली नव्हती. यातलं किती पट्टीमुळे, किती डॉक्टरांच्या सल्ल्यामुळे, किती वर्गशिक्षिकांनी तिला पहिल्या बाकावर बसवून मधून मधून फळा पुसायला उठवल्यामुळे, आणि किती सकाळी बापाच्या गुडघ्यात बसून दिवस सुरू झाल्यामुळे, हे मला वेगळं काढून सांगता येत नाही. शिकलेल्या माणसाने सांगता येत नाही ते सांगू नये, असं मला वाटतं.

परीक्षा संपल्यावर सरांनी प्राजक्ताला, तिच्या आईवडिलांना आणि मलाही बोलावलं. सुभद्राताई त्या दिवशी बाजारात गेल्या नाहीत. सरांनी पाचवीचं पुस्तक उघडून प्राजक्तासमोर ठेवलं. “वाच. पूर्ण पान.”

ती वाचायला लागली, बोट ओळीवर ठेवून. अर्धं पान छान झालं. तेवढ्यात मालगाडी आली. तुम्हाला माहीत आहे, मालगाडी जाते तेव्हा सरांच्या टेबलावरची काच थरथरते. प्राजक्ताचा आवाज थांबला, मान खिडकीकडे वळली. सुभद्राताईंनी पदराचं टोक तोंडात धरलं. सहदेवभाऊ हळूच म्हणाले, “प्राजू...” सरांनी हात वर करून त्यांना गप्प केलं. डबे जातच होते. आणि गाडी संपायच्या आधीच तिची मान परत वळली. बोट तिथंच होतं, त्याच ओळीवर. तिथून तिने पुढचं वाचून पान संपवलं.

सर म्हणाले, “लक्ष गेलं होतं.”

ती म्हणाली, “हो सर. पण मी आली ना वापस.”

सरांनी पुस्तक मिटलं. “सुभद्राबाई, पोरगी सहावीले इथंच येईन. मी असलो असतो तं.” आणि मग त्यांनाच आठवलं की जूनमध्ये ते नसतील. सुभद्राताई एवढंच म्हणाल्या, “सर, तुमी नाही तं मग आमी कोणाले इचारायचं?”

त्यांच्या त्या प्रश्नासाठी मी आज उभी आहे. बोचरे साहेब, समारंभात असं विचारण्याची पद्धत नाही, मला माहीत आहे. घड्याळ दाखवून माझा वेळ संपल्याचंही सुचवण्यात आलं आहे. पण गीतांजली मॅडम, प्राजक्ताला जूनमध्ये इथं ठेवून घ्याल का, ती कोपऱ्यातली खोली प्रार्थनेआधी उघडी राहील का, हे सुभद्राताईंच्या वतीने मी विचारते. उत्तर आजच द्यावं असा आग्रह नाही. तुम्ही त्या मुलीला आज पहिल्यांदा पाहताय.

मॅडम काही म्हणतायत. माइक... एक मिनिट, अंकुर, माइक पुढे दे रे.

मॅडम विचारतायत, जूनमध्ये पाऊस आणि लावणीचे दिवस, सहदेवभाऊंना रोज सकाळी यायला जमेल का?

सहदेवभाऊ, उभे राहून बोला. मोठ्यानं.

“लावणी असो का काही असो मॅडम, येतो.”

मॅडम म्हणाल्या, “मग या.”

टाळ्या थांबवा, मला एवढं पूर्ण करू द्या.

गीतांजली मॅडम, तुमचे आभार. संस्थेचे आभार, कारण ज्या गोष्टीची हमी कुणीच देऊ शकत नव्हतं तिला तुम्ही खोली दिलीत. मनोज सरांचे आभार, शर्टासकट. वर्गशिक्षिकांचे, जाईबाईंचे, प्रार्थनेआधी येऊन बसणाऱ्या सगळ्या आयांचे आणि भावांचे आभार. दुर्गाबाई काकू, तुमचे विशेष, कारण सर रोज सकाळी कुलूप काढायला लवकर निघत तेव्हा त्यांचा चहा कोण करत होतं हे आम्हाला कळत होतं. आणि सर, तुमचे आभार मानायला मी फार लहान आहे. तुम्ही नियम मोडला नाहीत आणि मुलगीही जाऊ दिली नाहीत. हे दोन्ही एकाच वेळी कसं करायचं ते मला अजून नीट जमलेलं नाही. शिकत राहीन.

बोलण्याच्या ओघात कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाला माझा शब्द टोचला असेल, जेवणाला माझ्यामुळे उशीर झाला असेल, तर घरच्या पोरीचं बोलणं समजून मनात धरू नका. सरांना आणि काकूंना पुढच्या दिवसांसाठी आरोग्य लाभो.

सर, प्राजक्ता जूनमध्ये इथंच सहावीत आहे. तुम्हीही ऐकलंत.

नमस्कार.